वैद्यकीय इच्छापत्र कसं करायचं: घरातल्या बोलण्यापासून पालिकेच्या पोचेपर्यंत

नानांना व्हेंटिलेटरवर ठेवलं त्या रात्री डॉक्टरांनी आम्हा तिघा भावंडांना आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि म्हणाले, “पुढं किती करायचं, ते तुम्ही ठरवून सांगा.” दादा म्हणाला, जे जे शक्य आहे ते सगळं करा. ताई म्हणाली, आता त्यांचे हाल नकोत. मी गप्प राहिले, कारण नानांना काय हवं असतं हे मला खरोखरच माहीत नव्हतं. ज्या माणसानं विम्याच्या पावत्या वर्षवार लावल्या होत्या, गावच्या जमिनीचे सातबारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख टाकली होती, त्याच्या एकाही फायलीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. नाना अकरा दिवस तसेच होते. आठव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची होती. त्या संमतीपत्रावर सही कुणी करायची यावरून दादा आणि ताईत जे बोलणं झालं, ते मिटायला पुढं दोन वर्षं गेली.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, “माझ्या वेळी तुम्ही असं बाकड्यावर बसायचं नाही. काय कागद लागतो तो विचारून ये.”

मी विचारत गेले, तेव्हा हा कागद दोन पानांचा निघाला. त्यानंतर नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे कागद त्यांच्यासोबत बसून केले. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू

‘इच्छापत्र’ म्हटलं की लोकांना मृत्युपत्र आठवतं. दोन्ही वेगळे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं आणि ते मालमत्तेबद्दल असतं. आपण ज्याबद्दल बोलतोय ते माणूस जिवंत असताना, पण स्वतः बोलू शकत नसताना लागू होतं आणि ते फक्त उपचारांबद्दल असतं. न्यायालयाच्या भाषेत त्याला आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात, लोक लिव्हिंग विल म्हणतात. मी वैद्यकीय इच्छापत्र म्हणते. दोन्ही मजकूर एकाच कागदावर कधीही लिहू नका. मृत्युपत्र लोक लॉकरमध्ये ठेवतात आणि ते उघडलं जातं दिवस झाल्यावर. उपचारांची इच्छा त्यात लिहिली असेल तर ती वाचली जाईल तेव्हा तिचा उपयोग संपलेला असेल.

दुसरा घोळ कुलमुखत्यारपत्राचा. “मुलाच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी केलीय, आता काळजी नाही,” असं मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी सांगतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे वडील कोमात गेले की नेमकं गरजेच्या वेळी तो कागद निकामी होतो. परदेशात अशा वेळीही टिकणारी मुखत्यारपत्रं असतात, आपल्याकडे ती सोय नाही. उपचारांच्या निर्णयासाठी मुखत्यारपत्रावर विसंबू नका.

तिसरा घोळ सगळ्यात नाजूक आहे. वर्तमानपत्रांत ‘इच्छामरण’ हा शब्द येतो आणि घरातली ज्येष्ठ माणसं बिचकतात. आपल्याकडे प्रायोपवेशनाची परंपरा आहे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र येतं. वैद्यकीय इच्छापत्रात कुणी मरण मागत नाही. इंजेक्शन देऊन जीवन संपवणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि तसं कागदावर लिहिलंत तरी कुणी ते करणार नाही. इथं एवढंच म्हणायचं असतं की आजार बरा होणार नाही हे डॉक्टरांनीच ठरवल्यावर, फक्त मरण लांबवणारी यंत्रं मला लावू नका.

हा हक्क आला कुठून

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथंच प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचं जीवनरक्षण थांबवावं अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला, कारण त्यांनी अरुणाताईंना लेकरासारखं सांभाळलं होतं. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली, पण काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवनरक्षक उपचार थांबवता येतील, हे तत्त्व मान्य केलं. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी गेल्या. दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्यावर माया करणारी होती. त्यांना स्वतःला काय हवं असतं, हे मात्र कुणालाच विचारता आलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात तीच गोष्ट टोचत राहते.

पुढं ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं आणि असे निर्देश लिहून ठेवायला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची आणि ती मिळवता मिळवता लोक थकून नाद सोडायचे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं पद्धत सोपी केली. आज लागू आहे ती हीच, त्यामुळे २०२३ पूर्वीचा नमुना कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर तो वापरू नका.

पहिली पायरी: घरात बोला

कागदाला एक दिवस लागतो, बोलण्याला एक महिना लागू दे. घाई करायची ती इथं नको.

कुठून सुरुवात करायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जेवणाच्या ताटावर “आई, तुला व्हेंटिलेटर लावायचा का?” असं विचारलं की घरात सन्नाटा पसरतो. मी आईला नानांबद्दल विचारलं. “त्या अकरा दिवसांत तुला सगळ्यात जास्त काय लागलं?” ती म्हणाली, “त्यांचे हात बांधले होते ते.” नळ्या ओढू नयेत म्हणून दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला सुती पट्टीनं बांधली होती. नाना बोटं हलवायचे आणि आई काचेतून ती बोटं बघायची. त्या एका वाक्यावरून आम्ही पुढं सरकलो. तिला मरणाची भीती नव्हती. हात बांधलेले असणं, कुणी ओळखीचं जवळ नसणं, याची होती. कागदात काय लिहायचं ते तिथंच कळलं.

घरात विचारायचे प्रश्न साधे ठेवा. कशामुळे जगणं तुम्हाला जगण्यासारखं वाटतं? माणसं ओळखता येणं, स्वतःच्या हातानं दोन घास खाणं, देवपूजा, नातवंडांचा आवाज? काय झालं तर नको वाटेल? शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात? माझी मावशी ठामपणे म्हणाली, “रुग्णालयात. घरी सुनेच्या अंगावर सगळं पडेल.” मुलांना वाटत होतं ती घरीच म्हणेल. विचारल्याशिवाय हे कळत नाही.

फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे खास या बोलण्यासाठी वेळ घ्या. मधुमेह, किडनी, दमा, पार्किन्सन्स असं काही आधीपासून असेल तर पुढं कुठले प्रसंग येऊ शकतात हे तेच सांगतील. ज्याला किडनीचा त्रास आहे त्यानं डायलिसिसबद्दल विचार करायला हवा, ज्याला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, त्यानं व्हेंटिलेटरबद्दल. सगळ्यांना एकच मजकूर लागू पडत नाही.

दुसरी पायरी: माणूस निवडा

तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा तुमच्या वतीनं संमती देणारा पालक किंवा जवळचा नातेवाईक, त्याचं नाव कागदात लिहावं लागतं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात आणि ती द्यावीतच. माझ्या मते सगळ्या कागदाचा जीव या ओळीत आहे. डॉक्टर मजकूर वाचतील, पण समोर बसून बोलतील ते या माणसाशी.

रिवाजानं थोरल्या मुलाचं नाव घालायची गरज नाही. तीन गोष्टी बघा. तो तुमची इच्छा पाळू शकेल का, स्वतःची नव्हे. रडत असतानासुद्धा डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल का. आणि दोन तासांत पोचू शकेल का, किंवा किमान फोन उचलेल का. आईनं ताईचं नाव पहिलं घातलं आणि दुसरं माझं. दादाला तिनं स्वतः समोर बसवून सांगितलं, “तुझा जीव माझ्यात जास्त अडकलाय. तुला नाही म्हणणं जमायचं नाही, म्हणून तुझ्यावर हे टाकत नाही.” दादाला आधी वाईट वाटलं. नंतर तो म्हणाला, बरं झालं. हे त्याला कागद वाचून कळलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं. ज्यांचं नाव घातलं नाही त्यांना तुम्ही जिवंतपणी, तुमच्या तोंडून सांगा.

मुलं न्यू जर्सीला किंवा दुबईत असतील तर त्यांचं एक नाव ठेवा, पण दुसरं नाव इथल्या माणसाचं हवं. भाचा, पुतणी, सून, कुणीही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. आईवडील वर्षातले सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहत असतील तर तिथल्या राज्याच्या नियमांप्रमाणे तिथला वेगळा कागद करावा. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली आरोग्यासाठीचं वेगळं मुखत्यारपत्र असतं. इथला कागद तिथं दाखवता येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

ज्यांना मूलबाळ नाही, जे एकटे राहतात, त्यांनी तर हा कागद आधी करावा. कागद नसला की रुग्णालय सख्खं कोण आहे ते शोधतं आणि वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ निर्णय घ्यायला येऊन उभा राहतो.

तिसरी पायरी: मजकूर लिहा

मराठीत लिहिलं तरी चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. न्यायालयानं भाषेची सक्ती केलेली नाही. मी मराठीत लिहायला सांगते आणि सोबत इंग्रजी अनुवाद जोडायला सांगते, कारण आयसीयूतले डॉक्टर केरळचे किंवा दिल्लीचे असू शकतात. ज्याचा कागद आहे त्याला मात्र तो स्वतःच्या भाषेत वाचता आलाच पाहिजे.

लिहिणारी व्यक्ती सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम हवी. म्हणून विसरभोळेपणाची सुरुवात दिसायला लागली असेल तर थांबू नका. अल्झायमर्स पुढं गेल्यावर हा कागद करता येत नाही.

आईच्या कागदातला मुख्य भाग असा होता: “मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, परिणामांची कल्पना असताना हे लिहीत आहे. मला बरा न होणारा आजार जडला, दीर्घ उपचार करूनही सुधारण्याची आशा उरली नाही आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसले, तर केवळ मृत्यू लांबवणारे उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. यात व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवण्याची औषधे आणि हृदय बंद पडल्यावर छाती दाबून किंवा शॉक देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न यांचा समावेश आहे. वेदना, धाप, अस्वस्थता यांवरचे उपचार अखेरपर्यंत द्यावेत, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल. माझे हात बांधू नयेत. शक्य असेल तर माझ्या माणसांपैकी एकाला जवळ बसू द्यावे. हे निर्देश मी कधीही मागे घेऊ शकते, हे मला माहीत आहे.” खाली ताईचं आणि माझं पूर्ण नाव, नातं, पत्ता.

यात एक चूक मी वारंवार पाहते. लोक रागानं किंवा भीतीनं “मला व्हेंटिलेटर कधीच लावू नका” असं लिहितात. असं लिहू नका. न्यूमोनियानं चार दिवस व्हेंटिलेटरवर असलेली माणसं बरी होऊन भाजी आणायला जातात. अपघात, भूल, विषबाधा, यात यंत्र जीव वाचवतं. ‘बरा न होणारा आजार’, ‘सुधारण्याची आशा नाही’ आणि ‘स्वतः निर्णय घेऊ शकत नाही’ ही तिन्ही वाक्यं एकत्र आली तरच तुमचे निर्देश लागू होतील, असंच लिहा. आणखी एक ओळ मी आता सगळ्यांना सुचवते: सुधारणा होईल की नाही याची खात्री नसेल तर काही दिवस पूर्ण प्रयत्न करून बघा, मुदत डॉक्टर ठरवतील, त्यात फरक पडला नाही तर थांबा. घरच्यांना ही ओळ फार आधार देते. प्रयत्न न करताच सोडून दिलं, हा सल त्यांना राहत नाही.

दुसरी चूक मोघमपणाची. “मला सन्मानानं जाऊ द्या” एवढंच लिहिलं तर डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. निर्देश संदिग्ध असतील तर वैद्यकीय मंडळ ते बाजूला ठेवू शकतं आणि मग कागदच नाही असं धरून पुढची पद्धत चालते. उपचारांची नावं लिहा.

नाकातून घातलेल्या नळीनं अन्न द्यायचं की नाही, यावर घरोघरी फार अडतं. उपाशी ठेवणं आपल्या मनाला पटत नाही. डॉक्टरांशी बोला. शेवटच्या टप्प्यात शरीर अन्न मागतच नाही आणि ओठ ओले ठेवणं, चमच्यानं दोन थेंब देणं हेच खरं सुख असतं, असं पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे, डॉक्टर समजावून सांगतात. तरी मन तयार नसेल तर नळीबद्दल काही लिहू नका. हा कागद तुमचा आहे, दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल करायची गरज नाही.

चौथी पायरी: सह्या

प्रत्येक पानावर स्वतःची सही. दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत असं न्यायालयानं म्हटलंय, म्हणजे वारसदार नकोत, कागदात ज्यांचं नाव आहे ते तर नकोतच. शेजारी, जुने सहकारी, वाचनालयातले स्नेही चालतात. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते साक्षांकित करायचं. ही सही स्वखुशीनं, दबावाशिवाय, समजून केली आहे अशी आपली खात्री पटल्याचं साक्षीदार आणि नोटरी नोंदवतात. ते वाक्य कागदात आहे ना, ते बघा.

राजपत्रित अधिकाऱ्याचा पर्याय लोक विसरतात. तालुक्याच्या गावी नोटरी रोज नसतो, पण तहसीलदार, गटविकास अधिकारी, शासकीय रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी असतात. अडचण एवढीच की त्यांनी असा कागद पूर्वी पाहिलेला नसतो. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाची छापील प्रत सोबत न्या, संबंधित परिच्छेदावर पेन्सिलीनं खूण करून.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागत नाही. न्यायालयाच्या आदेशात स्टँप पेपरची अटही नाही, पण अनेक नोटरी मागतात. आम्ही वाद घातला नाही, आणला. फी आधी विचारून घ्या. आईला जिने चढता येत नव्हते म्हणून नोटरी घरी आले. ओळखपत्र, दोन फोटो, साक्षीदारांची आधार कार्डं टेबलावर तयार ठेवली होती. पंधरा मिनिटांत झालं. चहा मात्र तासभर चालला.

पाचवी पायरी: प्रती आणि पोच

इथं बरेच जण सैल पडतात. कागद होतो, कपाटात जातो आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येते तेव्हा तो कुणाला आठवत नाही.

एक प्रत कागदात ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडे. एक फॅमिली डॉक्टरांकडे. आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. ती प्रत सांभाळायला संस्थेनं हा अधिकारी अभिरक्षक म्हणून नेमायचा असतो. महाराष्ट्रात बरीच वर्षं हे अधिकारी नेमलेच नव्हते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. बेळगाव, निपाणीकडच्या मराठी मंडळींसाठी सांगते, कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं ३० जानेवारी २०२५ ला याबद्दल स्वतंत्र परिपत्रक काढलं आहे.

प्रत्यक्षात कार्यालयात गेलात की खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. मला एका कार्यालयात आधी जन्ममृत्यू नोंदणीला पाठवलं, तिथून आरोग्य विभागात, तिथून पुन्हा आवक-जावकला. चिडू नका. वर एक साधा अर्ज लावा, “वैद्यकीय इच्छापत्राची प्रत अभिरक्षणासाठी सादर करणेबाबत” असा विषय लिहा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा. प्रत त्यांच्याकडे दिली होती याचा तोच पुरावा. खिडकीवर घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती ठेवा.

आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) काढला असेल तर डिजिटल आरोग्य नोंदींत प्रत ठेवायलाही न्यायालयानं परवानगी दिलेली आहे. घरात मूळ कागद लॉकरमध्ये ठेवू नका. आईच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: “माझं वैद्यकीय इच्छापत्र आहे. हिरवी फाईल, टीव्हीखालचा कप्पा.” पाकिटातही तशीच चिठ्ठी.

वेळ आली की रुग्णालयात काय होतं

कागद दाखवला आणि लगेच नळ्या काढल्या, असं होत नाही. ज्यांना मुलं घाई करतील अशी धास्ती असते, त्यांनी हा भाग नीट वाचावा.

आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल नोंदीतून पडताळतात. मग रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत झालं की दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. कागदातल्या माणसांची संमती घेतली जाते. उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. दोन्ही मंडळांचं जमलं नाही किंवा रुग्णालयानं नकार दिला तर घरचे उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

रुग्णालयात दाखल करतानाच कागदाची प्रत केस पेपरला लावायला सांगा आणि डॉक्टरांनी त्याची नोंद केली ना ते बघा. “तुमच्याकडे प्राथमिक आणि दुय्यम मंडळ आहे का?” हा प्रश्न शांतपणे विचारा. एका ठिकाणी आम्हाला उत्तर मिळालं, “ते सगळं नको, डामा घ्या.” डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असं लिहून देणं. फार कुटुंबं नाइलाजानं तेच करतात. पण मग घरी नेल्यावर धाप लागली तर मॉर्फिन कोण देणार, रात्री कुणाला फोन करायचा, याची काही सोय नसते. डामावर सही करण्याआधी पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर कुठं आहेत ते शोधा. कर्करोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. बहुतेक मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आता असा विभाग असतो.

आणि कागद केलाच नसेल तर? दार बंद होत नाही. हीच दोन मंडळं बसतात आणि जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं निर्णय होतो. फक्त तेव्हा बाकड्यावर बसून तुमच्या मनातलं ओळखायचं काम तुमच्या मुलांवर येतं.

जोडीनं उरकायच्या गोष्टी

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी वेगळा आगाऊ निर्देश असतो, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली. त्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर बरं असतानाच तो करून ठेवा.

अवयवदानाची प्रतिज्ञा आधारच्या मदतीनं ऑनलाइन करता येते, देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. दोन्हींत शेवटी घरच्यांची संमती लागते, म्हणून त्यांना सांगितल्याशिवाय अर्ज भरून उपयोग नाही. एक बारकावा: अवयवदान करायचं असेल तर मेंदूमृत्यूनंतर काही तास यंत्रं चालू ठेवावी लागतात. तुमच्या इच्छापत्रात “अवयवदानासाठी गरजेपुरती यंत्रं चालू ठेवण्यास माझी हरकत नाही” ही ओळ घाला, नाहीतर दोन कागद एकमेकांना छेद देतील.

पैशांचं बघा. रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्या एकट्याच्या नावच्या खात्यातून पैसे निघत नाहीत. २०२० मध्ये एका पत्नीला कोमातल्या पतीची पालक नेमून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयानं तिला नेमलं. एवढी पायपीट टाळायची तर रुग्णालयाच्या खर्चापुरतं तरी एक खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीनं चालणारं ठेवा. नॉमिनी असून भागत नाही, त्याचा हक्क मृत्यूनंतरचा.

बदल करायचा असेल तर

मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो. मजकूर बदलायचा तर पुन्हा तीच पद्धत, साक्षीदार आणि नोटरी. दोन कागद सापडले तर नंतरच्या तारखेचा धरतात, तरी जुन्याच्या सगळ्या प्रती गोळा करून फाडा आणि अभिरक्षकाकडे नवी प्रत देताना जुनी रद्द झाल्याचं अर्जात लिहा. तुम्ही शुद्धीत आणि बोलते असाल तोवर तुमचं तोंडचं बोलणं कागदापेक्षा वर असतं, हेही आईवडिलांना सांगा. त्यांना धीर येतो.

आम्ही दर दिवाळीच्या आधी, घर आवरताना हिरवी फाईल उघडतो. आई चष्मा लावून दोन्ही पानं वाचते आणि “ठीक आहे” म्हणते. गेल्या वर्षी ताईचा मोबाइल नंबर बदललेला निघाला. नंबर मुख्य मजकुरात असता तर पुन्हा नोटरीकडे जावं लागलं असतं, म्हणून आता सगळ्यांना सांगते की फोन नंबर वेगळ्या पानावर लिहा आणि ते पान फाईलला टाचणीनं लावा.